गाणं लावण्याआधी माणूस पाहा: स्वभाव आणि मूड ओळखून गाणी निवडण्याची रीत

गावच्या भजनी मंडळात मी पेटी धरतो आणि संध्याकाळी वाचनालयात भरतीचा अभ्यास करणाऱ्या पोरांवर नजर ठेवतो. त्यामुळे एक प्रश्न मला वर्षभर येत राहतो: "भाऊ, टेन्शनवर कोणतं गाणं चांगलं?" जणू डोकेदुखीची गोळीच मागतात. एखादं नाव सांगितलं की त्याच रात्री लावतात आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतात, काही फरक नाही पडला, उलट जास्तच वाटलं.

चूक मीही केली आहे. एका फेब्रुवारीत गारपिटीनं हरभरा झोपला. घाटे भरलेले होते, आठवड्याभरात सोंगणी होती. चुलतभाऊ ओसरीत भिंतीला टेकून बसला होता, समोरच्या चहावर साय धरलेली. म्हटलं, याला जरा उठवावं. त्याच्याच वरातीत वाजलेलं नाचाचं गाणं मी मोबाईलवर मोठ्यानं लावलं. त्यानं एक कडवं ऐकलं, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि काही न बोलता शेताकडे निघून गेला. परतला तो रात्री अकराला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

खाली क्रम दिला आहे, तो मोडू नका. बहुतेक लोक थेट चौथ्या पायरीवर उडी मारतात आणि तिथेच घसरतात.

पायरी १: स्वभावाची नोंद, तीही बऱ्या दिवशी

मन बिघडलेलं असताना स्वभाव विचारला तर माणूस त्या दिवसाचा मूड सांगतो. म्हणून हे काम निवांत दिवशी करा. वहीचं एक पान पुरे. मानसशास्त्रात स्वभावाचे पाच मोठे गुण मोजतात. गाणी निवडताना त्यातले तीन कामाला येतात, आणि चौथी एक गोष्ट मी माझ्या पदरची जोडतो.

पहिलं, गर्दीतून तुम्हाला जोर मिळतो की असलेला जोर जातो? पोळ्याला तोरणाखाली झडत्या म्हणायला पुढे घुसणारा एक असतो, आणि लांबून बैल पाहून घरी येऊन पडणारा एक असतो. पहिला बहिर्मुख, दुसरा अंतर्मुख. त्याच आवाजाचा भार अंतर्मुख माणसाला लवकर होतो. लग्नात डीजेसमोरून उठून मंडपामागे जाऊन उभा राहिलेला पोरगा रुसलेला असेलच असं नाही. आवाजानं त्याचं पोट भरलेलं असतं.

दुसरं, काळजी डोक्यात किती वेळ घुमते? फवारणी झाली, तासाभरात पाऊस आला, औषध वाहून गेलं. एक जण चार शिव्या देऊन जेवायला बसतो. दुसरा तीन रात्री तेच उगाळतो. या दुसऱ्या माणसासाठी पुढच्या सगळ्या पायऱ्या थोड्या बदलतात, म्हणून इथे प्रामाणिक राहा.

तिसरं, नवीन ऐकायची ओढ आहे का? काहींना कधी न ऐकलेला गोंडी ढोल किंवा परक्या भाषेतलं गाणं ऐकून अंगावर काटा येतो. काहींना ओळखीचं गाणंच लागतं. काटा येणारी माणसं बहुधा नवेपणाची ओढ असलेली असतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. ज्याला ओळखीचंच लागतं त्याच्या गळी नवं उतरवायचा हट्ट धरू नका.

आणि चौथं, दुसऱ्याचं दुःख तुम्हाला किती लागतं? फिनलंडमधल्या वुओस्कोस्की आणि एरोला या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं की अनोळखी दुःखी संगीत ऐकूनसुद्धा खरोखर उदास होतात ती परदुःखानं हलणारी माणसं. बाकीच्यांवर त्याच सुरांचा तेवढा परिणाम होत नाही.

तपासा: पान घरातल्या कोणाला तरी वाचायला द्या. "मी काळजी करतच नाही" असं लिहिलं असेल तर बायको हसेल. तिचं हसणं हेच खरं उत्तर.

पायरी २: गाण्यांच्या चार पिशव्या आधीच भरून ठेवा

वाईट दिवशी गाणं शोधत बसू नका. बोट मूडच्याच मागे जातं आणि ॲपही बोटाच्या मागे जातं. एक रडकं गाणं लावलं की ते तसलीच पुढची दहा लावतं. फुकटच्या ॲपमध्ये दोन शांत गाण्यांच्या मधोमध जाहिरात किंचाळते, ते वेगळंच. शेतात नेटवर्क नसतं. तेव्हा गाणी मेमरी कार्डात नाहीतर पेनड्राईव्हमध्ये उतरवून घ्या आणि "आपोआप पुढचं" हे बटण बंद करा.

पिशव्या कशा पाडायच्या? जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञानं १९८० मध्ये भावनांची एक साधी मांडणी केली. एक रेघ अंगातल्या जोराची, दुसरी मन बरं की वाईट याची. दोन्ही एकमेकींवर आडव्या टाकल्या की चार खोल्या होतात. माझ्या पेनड्राईव्हमध्ये त्यांची नावं अशी आहेत: "तापलेलं" (जोर आहे, मन वाईट), "खचलेलं" (जोर नाही, मन वाईट), "निवांत" (जोर कमी, मन बरं) आणि "उधाण" (जोरही आहे, मनही बरं). प्रत्येकीत सहा-सात गाणी ठेवा. पन्नास भरलीत तर पुन्हा शोधणं आलं.

आता या पायरीचा खरा कस. प्रत्येक गाणं एकदा ऐका आणि स्वतःला विचारा: हे ऐकून कोण आठवतं? स्वीडनच्या जुस्लिन आणि वेस्टफ्येल यांनी २००८ मध्ये गाणं मनापर्यंत पोचण्याचे वेगवेगळे मार्ग मांडले: ठेक्यासोबत अंग चालणं, सुरातला भाव आपल्याला लागणं, एखाद्या प्रसंगाची आठवण उघडणं, आणखीही काही. यातला आठवणीचा मार्ग बाकीच्यांवर सहज मात करतो. ठेका कितीही नाचरा असो, आठवण जड असेल तर गाणं जडच लागतं. चुलतभावाच्या वरातीत त्या गाण्यावर त्याचे वडील नाचले होते. काकाजी त्यानंतर दीड वर्षात गेले. हे मला ठाऊक होतं आणि मी विसरलो होतो.

आठवण चिकटलेल्या गाण्यापुढे फुली मारा. फुली म्हणजे बंदी समजू नका; असं गाणं माणूस पाहून, विचारून लावायचं.

आजी-आजोबांसाठी पिशवी भरायची असेल तर ते पंधरा ते पंचवीस वर्षांचे असतानाची गाणी शोधा. त्या वयातल्या आठवणी सगळ्यात घट्ट बसतात. "म्हातारी माणसं म्हणजे भजन" हा आपला आळस आहे. आमच्या शेजारच्या आजीला विचारलं तर तिनं तमाशातलं मागितलं, आणि सुनेकडे पाहून पदर तोंडाला लावला.

पायरी ३: दोन प्रश्न, एक मिनिट

अंगात जोर किती, दहापैकी? मन कसं, दहापैकी? आकडे कागदावर लिहा. डोक्यातला आकडा गाणं सुरू झालं की बदलतो आणि मग तुलना करायला हातात काही उरत नाही.

"टेन्शन" हा शब्द इथे सगळा घोळ घालतो. बँकेची नोटीस आली, हात थरथरतात, एका जागी बसवत नाही: हे टेन्शन. सकाळी दहापर्यंत खाटेवरून उठवत नाही, दात घासायचाही कंटाळा: हेही टेन्शन. पहिला माणूस "तापलेलं" या खोलीत आहे, दुसरा "खचलेलं" मध्ये. दोघांना एकच गाणं दिलं तर एकाचं नक्की बिघडतं.

दुसऱ्याचा मूड ओळखायचा असेल तर आकडे विचारू नका. कास्तकाराला "मनाला दहापैकी किती देता" असं विचाराल तर तो तुम्हालाच दवाखान्यात नेईल. पाय पाहा: हलताहेत की सुटून पडलेत? बोलणं भरभर आहे की प्रश्नानंतर वेळ जातो? जबडा आवळलेला आहे का?

याच मिनिटात हेही ठरवा: यानंतर काय करायचं आहे? झोपायचं, कामाला लागायचं, की थोडं रडून मोकळं व्हायचं? हे ठरलं नाही तर पाचव्या पायरीवर गाडी कुठे वळवायची ते कळत नाही.

सावध: घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर ही सगळी रीत बाजूला ठेवा. त्या घरात आपण होऊन गाणं लावायचं नसतं. त्यांनी मागितलं तरच.

पायरी ४: पहिलं गाणं मनाच्या चालीचं

धावत्या बंडीत चढायचं असेल तर आधी बंडीच्या वेगानं चार पावलं पळावं लागतं. उभ्यानं उडी मारणारा तोंडावर पडतो. आयरा आल्टशूलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं १९४८ मध्ये रुग्णांबाबत हेच लिहिलं: आधी रुग्णाच्या मनःस्थितीला जुळणारं संगीत द्या, मग हळूहळू संगीत बदला. संगीतोपचारात ही रीत आजही वापरतात.

म्हणजे खचलेल्या माणसाला संथ, खालच्या पट्टीतलं, फारसा गजर नसलेलं. तापलेल्याला जोरदार ठेक्याचं. खंजिरीवरचं चढत्या लयीतलं भजन आपल्याकडे यासाठी फार उपयोगी पडतं.

इथे स्वभावाचं पान उघडा.

तुम्ही उगाळणाऱ्यांपैकी असाल तर जुळणारं गाणं एकच. तेही अशा शब्दांचं नको ज्यात तुमचंच गाऱ्हाणं आहे. धोका, कर्ज, सोडून गेलेली माणसं यांची गाणी त्या वेळी सोबतीण वाटतात, पण तीच काळजी सुरात बांधून पुन्हा हातात देतात. शक्यतो नुसती वाद्यं ऐका. उलट, तुम्ही हळवे आहात पण उगाळत नाही, तर दोन-तीन दुःखी गाणी सलग ऐकून खरंच हलकं वाटू शकतं. रडू आलं तर येऊ द्या.

रागाच्या भरात रागाचीच गाणी ऐकून "वाफ काढणाऱ्या" पोरांनी जास्त जपावं. फिनलंडमध्ये एमिली कार्लसन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पाहिलं की वाईट भावना बाहेर काढायला संगीत वापरणाऱ्या पुरुषांमध्ये चिंतेचं प्रमाण जास्त होतं. गाण्यामुळे चिंता वाढली की चिंतेमुळे तशी गाणी लागली, हे त्यातून ठरत नाही. पण ठेका जोराचा आणि शब्द साधे, एवढी काळजी घ्यायला काही खर्च नाही.

तपासा: पहिलं गाणं संपताना श्वास कसा आहे? सुटा झाला असेल तर पुढे जा. दाटला असेल तर गाणं चुकलं, त्याच पिशवीतलं दुसरं घ्या. दुसरंही चुकलं तर आज गाणं नको.

पायरी ५: एका वेळी एकच गोष्ट बदला

पुढची चार-पाच गाणी, साधारण वीस-पंचवीस मिनिटं. प्रत्येक गाण्याला एकतर लय बदला, नाहीतर भाव. दोन्ही एकदम बदलले की तो धक्काच झाला.

खचलेल्यासाठी माझा क्रम असा: संथ आणि उदास, मग संथ पण उदास नसलेलं, मग तीच लय आणि ओळखीचे शब्द, मग जरा चालतं गाणं. शेवटी टाळ किंवा टाळ्या असलेलं एखादं, म्हणजे हात आपोआप हलतात. नाचाच्या गाण्यापर्यंत पोचायची गरज नाही. दहापैकी दोनवरून चारवर आलात तर दिवस पुढे सरकतो.

तापलेल्यासाठी उतार: जोराचं, मध्यम, संथ, आणि मग काहीच नाही. हे "काहीच नाही" लोक हमखास गाळतात. इटलीतले बर्नार्दी यांनी २००६ मध्ये संगीत ऐकणाऱ्यांची नाडी, रक्तदाब आणि श्वास मोजला. वेगवान संगीतानं ते वाढले. पण मधे दोन मिनिटांची शांतता ठेवली तेव्हा ते ऐकायला बसण्याच्या आधीपेक्षाही खाली आले. तेव्हा शेवटच्या गाण्यानंतर दोन मिनिटं बॉक्स बंद ठेवा आणि कोणाला बोलू देऊ नका.

मंडळात आम्ही हे न शिकता करतो. सुरुवात सावकाश, मग लय चढते, टाळ तापतात, आणि आरतीनंतर क्षणभर सगळे गप्प. त्या गप्प क्षणात कोणीतरी लगेच माईक घेऊन देणगीदारांची यादी वाचायला लागतो, तेव्हा मला त्याच्या हातातला माईक काढून घ्यावासा वाटतो.

पायरी ६: बंद करा आणि पुन्हा तेच दोन प्रश्न

आकडे शेजारी लिहा. तीन वेळा नोंद होईपर्यंत गाण्यांविषयी काही मत बनवू नका. एका दिवशी चहानं बरं वाटलेलं असतं आणि श्रेय गाण्याला जातं. चौथ्या वेळी बदल करायचा तर एकच करा: पहिलं गाणं, किंवा आवाज, किंवा वेळ.

आवाज फोनच्या साठ टक्क्यांखाली ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. आवाज वाढला की ही मुदत झपाट्यानं घटते.

हमखास चुकणारी तीन ठिकाणं

अभ्यास. वाचनालयात दोन मित्र एकाच इयरफोनचं एक-एक टोक कानात घालून बसायचे. एक बडबड्या, दुसरा घुम्या. बडबड्याचं गणित नीट चालायचं. घुम्या एकच पान चारदा वाचायचा आणि स्वतःला मठ्ठ म्हणायचा. लंडनमध्ये फर्नम आणि ब्रॅडली यांनी १९९७ मध्ये पॉप गाणी लावून चाचण्या घेतल्या. थोड्या वेळानं आठवून सांगायच्या चाचणीत गाण्यासह बसलेले अंतर्मुख मागे पडले, बहिर्मुखांचं तसं झालं नाही. शिवाय गाण्याचे शब्द वाचनाच्या शब्दांना आडवे येतात. सालामे आणि बॅडली यांच्या १९८९ च्या प्रयोगांत नुसत्या वाद्यांपेक्षा गायनानं तात्पुरती स्मृती जास्त बिघडली. म्हणून वाचताना आणि पाठ करताना गाणं बंद, तुम्ही कोणीही असा. गणितं सोडवताना बडबड्यानं वाद्यं लावली तर चालतं. गाणं ऐकायचंच असेल तर बसण्याआधी दहा मिनिटं ऐका.

"बुद्धी वाढवणारी धून" म्हणून मोबाईलवर जे फिरतं त्याचं मूळ मोझार्ट या जुन्या युरोपी संगीतकाराची धून ऐकवून केलेल्या १९९३ च्या एका प्रयोगात आहे. आकृत्यांच्या कोड्यांत थोडी वाढ दिसली आणि ती दहा-पंधरा मिनिटांत ओसरली. २००१ मध्ये कॅनडात थॉम्पसन, शेलेनबर्ग आणि हुसेन यांनी दाखवलं की ती करामत मूड आणि तरतरी यांची होती. संथ, उदास संगीतानंतर वाढ दिसलीच नाही. पैसे देऊन धून घेऊ नका.

झोप. हंगेरीत २००८ मध्ये झोपेची तक्रार असलेल्या विद्यार्थ्यांना तीन आठवडे रोज निजताना ४५ मिनिटं शांत शास्त्रीय संगीत ऐकवलं, त्यांची झोप सुधारली. नेम तीन आठवड्यांचा होता हे लक्षात घ्या. आपण दोन रात्रींत सोडतो. दुसरी चूक बारीक आहे. ओळखीच्या गाण्याची नुसती बासरीवरची धून लोक निजताना लावतात, शब्द नाहीत म्हणून. अमेरिकेतल्या मायकेल स्कलिन यांनी २०२१ मध्ये दाखवलं की अशा शब्दाविना धुनाच डोक्यात जास्त घुमत राहतात आणि झोप मोडतात. शब्द मन स्वतः भरत बसतं. निजताना ओळखीची चाल नकोच. संथ आलाप किंवा तानपुरा बरा.

जागल. हरभऱ्यावर, तुरीवर रानडुक्कर येतं म्हणून रात्रभर मचाणावर बसायचं, नाहीतर रात्रीची लाईन आली की ओलित करायचं. काही जण रेडिओ वाजता ठेवतात, पण तो डुकरासाठी. स्वतःसाठी ऐकताना एक कान मोकळाच ठेवा. साप, डुक्कर, पाण्याची मोटर आणि शेजाऱ्याची हाक, सगळं कानानंच कळतं. रात्री दोनच्या एकांतात उगाळणाऱ्या माणसानं "खचलेलं" ही पिशवी उघडूच नये. त्या वेळी गाण्यापेक्षा बोलण्याचा आवाज बरा: रेडिओवरचं भाषण, कीर्तन, झाडीपट्टीच्या नाटकाचं रेकॉर्डिंग. डोळा लागू नये म्हणून मधे मधे स्वतः मोठ्यानं गा. बेसूर असेल तर डुक्कर लवकर पळेल.

फवारणी करताना मात्र काहीच नको. औषधाच्या हातानं मोबाईल, मग तोच मोबाईल गालाला.

गाणं ज्याला लागतच नाही

सगळं नीट करूनही काही माणसं कोरडीच राहतात. त्यांना अरसिक म्हणू नका. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशा निरोगी माणसांचा अभ्यास केला. त्यांना सूर कळतात, भाव ओळखता येतो, बाकी गोष्टींतून आनंदही मिळतो. फक्त संगीतातून मिळत नाही. शंभरात तीन-चार जण तरी असे असावेत. आमच्या मंडळातले एक काकाजी चाळीस वर्षं न चुकता येतात ते प्रसादाला आणि गप्पांना, हे त्यांनीच सांगितलं. त्यांच्यासाठी गप्पांचीच पिशवी भरा.

गाणं थांबवायची वेळ

दोन आठवड्यांहून जास्त माणूस खचलेल्या खोलीतच असेल, जेवण-झोप गेली असेल, निरवानिरवीचं बोलत असेल किंवा "माझ्यामागे पोरांचं पाहा" असं म्हणत असेल, तर पिशव्या मिटा. टेली-मानसचा नंबर १४४१६ आहे. केंद्र सरकारची सेवा आहे, दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नंबर नुसता लिहून देऊ नका. शेजारी बसा, तुमच्या फोनवरून लावा, पलीकडून आवाज आला की फोन त्याच्या हातात द्या. फवारणीच्या औषधाचा डबा घरातून हलवा. आणि त्याला एकटं सोडून उठू नका.